जंतूंना औषधाची ‘सवय’ होत नाही: सूक्ष्मजीव आणि निसर्गनिवड, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खालचे प्रश्न वर्गात आले, मेडिकलच्या काउंटरवर आले, सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत आले आणि घरी जेवताना नातेवाइकांकडूनही आले. पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्नांत थांबण्यासारखं बरंच आहे, काहींत दोन वाक्यांत काम भागतं.

“जंतूंना औषधाची सवय झाली” असं सगळेच म्हणतात. त्यात चूक काय?

चूक क्रियापदात आहे. सवय एकाच जिवाला लागते. मला चहाची सवय आहे, कारण मी तीच बाई रोज चहा पिते. जंतूंच्या बाबतीत औषध ज्यांना लागू पडलं ते मेले. त्यांना सवय लागायला ते उरलेच नाहीत. जे उरले त्यांना औषध आधीपासूनच बाधत नव्हतं. आज तुमच्या शरीरात आहे ती त्या उरलेल्यांची पिलावळ.

‘निवड’ हा शब्दही थोडी फसगत करतो. आपण तांदूळ निवडतो तेव्हा समोर एक माणूस बसलेला असतो, खडा पाहून बाजूला टाकणारा. निसर्गनिवडीत असा हात नसतो. तिथे चाळण असते. चाळणीला ज्वारी आणि माती यांतलं काही कळत नाही, पण भोकं ज्या मापाची असतील तसं ती वेगळं करते. चाळणीत उरलेलं पुन्हा पेरलं, आलेलं पीक पुन्हा चाळलं, असं शंभर वेळा केलं तर ढिगाचा चेहराच पालटेल. एकही दाणा स्वतः बदललेला नसेल, तरी पालटेल.

हातानं केलेल्या निवडीचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी ज्वारीच्या देशी वाणातून चांगली ताटं निवडत एम ३५-१ हे वाण तयार झालं. डार्विननंही १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात पाळीव कबुतरं आणि पिकांपासून केली, कारण माणसानं केलेली निवड वाचकांच्या ओळखीची होती.

प्रतिकार करणारे जंतू आधीच होते कशावरून? औषधामुळेच बदलले नसतील कशावरून?

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. १९४३ पर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याचं खात्रीचं उत्तर देता येत नव्हतं.

साल्वादोर लुरिया अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात होते. एका समारंभात सहकारी स्लॉट मशीनवर नाणी टाकत होता, ते पाहताना त्यांना प्रयोग सुचला. मशीन बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि मग एकदम ढीगभर नाणी ओतते. त्यांनी ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जंतू वेगवेगळ्या नळ्यांत स्वतंत्रपणे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जंतू त्यांना मारणाऱ्या विषाणूच्या थरावर पसरले. विषाणू भेटल्यावर काही जंतू बदलत असतील, तर प्रत्येक ताटलीवर वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. पण बदल आधीच योगायोगानं झालेला असेल, तर तो कुठे वाढीच्या सुरुवातीला झाला असेल, कुठे शेवटी, कुठे झालाच नसेल. सुरुवातीला झाला असेल तिथे त्या एकाच पूर्वजाची मोठी वसाहत सापडेल.

एका प्रयोगात वीस नळ्या होत्या. अकरा ताटल्यांवर एकही जंतू वाचला नव्हता. काहींवर एक, तीन, पाच. एकीवर ६४ आणि एकीवर तब्बल १०७. मशीननं ओतलेली नाणीच ही. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मॅक्स डेलब्रुक यांनी त्यामागचं गणित मांडलं आणि १९६९ साली दोघेही नोबेलचे मानकरी झाले.

दुसरा पुरावा आपल्या गावाला जवळचा वाटावा असा आहे. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी जंतूंच्या ताटलीवर मखमलीचा तुकडा दाबला. मखमलीच्या उभ्या धाग्यांना प्रत्येक वसाहतीतले थोडे जंतू चिकटले. तोच तुकडा दुसऱ्या ताटल्यांवर दाबला की पहिल्या ताटलीची हुबेहूब नक्कल उठते. आपल्या सोलापुरी टॉवेलांवरचे लूप पाहिले असतील तर कापड हे काम कसं करतं ते लगेच कळेल. औषध असलेल्या नकलेवर जिथे जंतू वाचले, नेमकी तीच जागा त्यांनी मूळ ताटलीवर शोधली. तिथल्या जंतूंनी औषध कधी पाहिलंच नव्हतं, तरीही त्यांच्यात प्रतिकार होता. यंत्रमागाच्या गावात मी हा प्रयोग शिकवते तेव्हा मुलं कापडाचा भाग सर्वांत आधी समजून घेतात.

डार्विनला हे सगळं माहीत होतं का?

नाही. त्याला जनुकं माहीत नव्हती. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला जाहीर केलं आणि डार्विन त्याच वर्षी १९ एप्रिलला गेला. तरीही फरक, वारसा आणि टिकून राहण्यातली असमानता या तीन गोष्टी असल्या की निवड होणारच, हा त्याचा, आणि तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसचा, मुद्दा जंतूंना हत्तींपेक्षाही स्वच्छ लागू पडतो. संख्या अफाट, पिढी छोटी. अन्न आणि ऊब भरपूर असेल तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो.

उत्क्रांती डोळ्यांदेखत पाहता येते का? की लाखो वर्षं थांबावं लागतं?

पाहता येते, आणि तिची पद्धत तुमच्या स्वयंपाकघरात रोज रात्री घडते. अर्धा लिटर कोमट दूध, त्यात चमचाभर कालचं दही. सकाळी नवं दही, रात्री त्यातला चमचा पुन्हा ताज्या दुधात. म्हणजे रोज शंभरातला एक भाग पुढे जातो आणि सकाळपर्यंत शंभरपट वाढतो. शंभरपट व्हायला साडेसहाच्या आसपास दुपटी लागतात.

रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच सुरू केलं, फक्त दुधाऐवजी थोडंसं ग्लुकोज असलेलं पाणी आणि विरजणाऐवजी ई. कोलाय. एकाच पूर्वजापासून बारा चंचुपात्रं. रोज शंभरातला एक भाग नव्या द्रवात. रोज सुमारे ६.६ पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. गोठवलेले जंतू पुन्हा जिवंत होतात, त्यामुळे पणजोबा आणि पणतू एकाच भांड्यात सोडून कोण पुढे जातो हे मोजता येतं. असं मोजमाप हत्तींवर कुणालाही करता येणार नाही.

बाराही पात्रांतले वंशज पूर्वजापेक्षा वेगानं वाढू लागले. बारा ठिकाणी एकाच दिशेनं बदल होतो तेव्हा तो निव्वळ नशिबाचा भाग राहत नाही, तिथे निवड काम करत असते. पण एका पात्रात आणखी काहीतरी घडलं. त्या द्रवात सायट्रेट नावाचा पदार्थही होता, जो ई. कोलायला प्राणवायू असताना खाता येत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका पात्रातले जंतू तो खायला लागले आणि द्रव गढूळ झाला. गोठवलेल्या नमुन्यांपासून पुन्हा सुरुवात केल्यावर कळलं, की ही युक्ती उशिराच्या पिढ्यांपासूनच पुन्हा उगवते, अगदी सुरुवातीच्यांपासून नाही. आधी पाया घालणारे बदल झाले होते, मग ही पायरी शक्य झाली.

मग आमच्या घरच्या विरजणातही उत्क्रांती होते?

हो. वर्षभर न मोडता लावलेल्या विरजणात अडीच हजारांच्या आसपास पिढ्या होतात. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर हा साठ हजार वर्षांचा हिशेब झाला. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जंतूचा जनुकसंच वाचला तेव्हा सुमारे दहावा भाग जनुकं मोडून पडलेली दिसली. दुधात सगळं आयतं मिळतं, मग जी जनुकं लागत नाहीत ती बिघडली तरी निवड त्यांना राखत नाही. निवड नवं घडवते, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. नको असलेलं ती सोडून देते, हे फारसं कुणी सांगत नाही.

जंतू एकमेकांना जनुकं देतात म्हणे. मग डार्विनचा सिद्धांत तिथे बाद होत नाही का?

वंशवृक्षाचं चित्र बदलतं, निवड बाद होत नाही. आपल्याकडे गुण आईवडिलांकडून येतात. जंतूंना ते शेजाऱ्याकडूनही मिळतात, अगदी वेगळ्या जातीच्या शेजाऱ्याकडून. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या जंतूंवर चार-चार औषधं एकदम निकामी होऊ लागली. चार वेगळे बदल एकाच जंतूत जुळून येणं फार अवघड. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की हा प्रतिकार एकगठ्ठा आतड्यातल्या ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे जातो. ही जनुकं छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बसून जातात, हे पुढे कळलं. त्याला आता प्लाझ्मिड म्हणतात.

पटकीचं उदाहरण मला अधिक हलवून जातं. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात. वारीत पटकीची साथ येण्याची धास्ती जुन्या पिढीनं अनुभवली आहे. पटकीचा जंतू ज्या विषानं माणसाला काही तासांत कोरडा करतो, त्या विषाचं जनुक त्याचं स्वतःचं नाही. ते एका विषाणूनं त्याच्यात आणून बसवलं, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. आणि १९९२ अखेरीस मद्रास आणि बंगालमध्ये पटकीचा नवा प्रकार, ओ१३९, पसरला. त्यानं बाहेरच्या आवरणाची जनुकं दुसरीकडून घेऊन आवरणच बदललं होतं. जुन्या प्रकाराला ओळखणारी प्रतिकारशक्ती त्याला ओळखेना आणि प्रौढ माणसंही आजारी पडू लागली.

जनुक कुठून आलं, हा एक प्रश्न. ते का टिकलं आणि का फोफावलं, हा दुसरा. देवाणघेवाण पहिल्याचं उत्तर देते, निवड दुसऱ्याचं.

जंतूंच्या जगात सगळं निवडीनंच होतं का?

नाही, आणि जो शिक्षक तसं शिकवतो तो विद्यार्थ्यांना अर्धवट शिकवतो. मोटो किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलं, की रेणूंच्या पातळीवरचे बरेचसे बदल ना फायद्याचे ना तोट्याचे असतात. ते योगायोगानं टिकतात किंवा पुसले जातात. खोकल्यातून क्षयाचे मोजकेच जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात पोचतात, तेव्हा कोणते पोचले यात नशिबाचा वाटा मोठा असतो.

आणखी एक गुंता दह्यातूनच आला. २००७ मध्ये दिसून आलं, की थर्मोफिलस जंतू हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या जनुकसंचात जपून ठेवतो आणि पुढच्या हल्ल्यात त्यावरून शत्रूला ओळखतो. ही आठवण लेकरांना वारशानं मिळते. क्रिस्पर म्हणतात ती हीच यंत्रणा. मिळवलेला गुण पुढे जाणं, ही लामार्कची कल्पना आठवावी असंच आहे हे. पण ही यंत्रणा स्वतः जंतूंमध्ये टिकून राहिली ती निवडीमुळेच.

क्षयाला एकदम चार औषधं का देतात? एक जोरदार गोळी का नाही?

इथे निवडीचा सिद्धांत थेट माणसं वाचवतो. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक सापडतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा साधारण दहा कोटींत एक. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर शंभरेक जंतू वाचतील, तेच वाढतील आणि काही महिन्यांनी सगळा आजार त्यांचाच असेल. दोन्ही एकत्र दिली तर दोघांनाही न जुमानणारा जंतू सापडायला शंभर लाख कोटी जंतू लागतात. तेवढे शरीरात नसतातच.

हे गणित रुग्णांच्या जिवावर शिकावं लागलं. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. रुग्ण आधी झपाट्यानं सुधारले, मग अनेकांचे जंतू औषधाला दाद देईनात. म्हणून आज साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन असतात, सरकारी दवाखान्यात मोफत.

माझे एक चुलते सूतगिरणीत होते. गोळ्या फार आहेत म्हणून चारांतल्या दोनच, ज्यांनी मळमळत नाही त्या, ते घेत राहिले. कुणी त्यांना हे दहा कोटींचं गणित सांगितलं नव्हतं. ते समजले असते, कारण धाग्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असायचा.

बरं वाटलं की अँटिबायोटिक थांबवलं तर चालतं का?

क्षयात कधीही नाही. इतर आजारांत उत्तर आपण ऐकत आलो त्यापेक्षा थोडं वेगळं आहे. जास्त दिवस औषध म्हणजे कमी प्रतिकार, असा सरसकट नियम नाही. औषध पोटात गेलं की आजाराच्या जंतूंसोबत आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंवरही चाळण बसते आणि जितके दिवस औषध तितके दिवस ती चालू राहते. त्यामुळे बऱ्याच संसर्गांत आता छोटे कोर्स दिले जातात. पण किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. मेडिकलमधून सुट्या चार गोळ्या आणणं, उरलेल्या डब्यात ठेवून पुढच्या तापाला घेणं, शेजारणीला देणं, यांतलं काहीच नको. साध्या सर्दीला तर मुळीच नको. सर्दी विषाणूची असते, तिथे औषध फक्त आतड्यातली चाळण चालवतं.

कल्चर रिपोर्टमध्ये औषधासमोर ‘आर’ आहे. म्हणजे ते औषध मला चालत नाही?

‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. तो शेरा तुमच्याबद्दल नाही, नमुन्यात सापडलेल्या जंतूबद्दल आहे. त्या जंतूला ते औषध बाधत नाही. ही ॲलर्जी नव्हे. पुढच्या वर्षी दुसरा संसर्ग झाला तर तेच औषध कदाचित उपयोगी पडेल. रिपोर्ट मात्र जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

डाळिंबावरच्या तेल्याला स्ट्रेप्टोची फवारणी पूर्वी लागू पडायची, आता नाही. डोस वाढवावा का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कर्ज दिसत असतं, म्हणून उत्तर घाईत देणं मला पटत नाही.

तेल्या हा झँथोमोनास या जंतूचा रोग. पानांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं. हा जंतू पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, पानांच्या रंध्रांतून आणि जखमांतून शिरतो, छाटणीच्या कात्रीवरून आणि रोगट गुटी कलमांतून बागा बदलतो. आपण फवारतो ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण. ही दोन्ही माणसांचीच औषधं.

एका बागेत, एका पावसाळ्यात जंतूंची संख्या अफाट असते. त्यावर एकच औषध पुन्हा पुन्हा मारणं म्हणजे लेन्स्कींचा प्रयोग उघड्यावर करणं. कॅलिफोर्नियातल्या फळबागांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा फायर ब्लाइटचा जंतू १९७१ मध्येच सापडला होता. त्या रोगाच्या जंतूंत पुढे आढळलेली प्रतिकाराची जनुकं माणसांना आजारी पाडणाऱ्या जंतूंतही आहेत. बाग आणि दवाखाना यांच्यात भिंत नाही.

डोस वाढवला तर काय होईल? ज्यांचा प्रतिकार थोडा आहे ते मरतील, ज्यांचा पुरता आहे त्यांना रान मोकळं होईल. २०१६ मध्ये चार फूट लांबीच्या ताटलीवर हे दाखवलं गेलं. कडेपासून मध्याकडे औषध वाढत जात मधल्या पट्ट्यात हजारपट होतं, आणि ई. कोलाय पायरी पायरीनं चढत सुमारे अकरा दिवसांत तिथे पोचला.

त्यापेक्षा जंतूंची संख्याच कमी करा. पावसाळी मृग बहाराऐवजी हस्त बहार धरता येतो का ते पाहा. रोगट फळं आणि फांद्या बागेत पडू देऊ नका, गोळा करून जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा. कलमं खात्रीच्या रोपवाटिकेतून आणा. बोर्डो मिश्रण आणि फवारणीचं वेळापत्रक केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून घ्या. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या या अँटिबायोटिक मिश्रणावर बंदी घालण्याचा मसुदा आदेश काढला, तो याच कारणानं.

औषध वापरणं थांबवलं तर जंतू पुन्हा साधे होतात का?

कधी होतात, कधी नाही. प्रतिकाराची बहुधा किंमत असते आणि औषध नसताना तो बाळगणारा जंतू मागे पडू शकतो. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांचा वापर कमी केल्यावर घशाच्या एका जंतूतला प्रतिकार १९९२ ते १९९६ मध्ये १६.५ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आला. उलट ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधाचा वापर ९७ टक्क्यांहून जास्त घटला, तरी लंडनमध्ये तपासलेल्या ई. कोलायमधला प्रतिकार कमी झाला नाही. जंतू दुसऱ्या बदलांनी ती किंमत भरून काढतात, किंवा ते जनुक एकाच प्लाझ्मिडवर दुसऱ्या उपयोगी जनुकाशेजारी बसलेलं असतं आणि त्याच्याबरोबर राहतं.

नवं औषध शोधलं की प्रश्न मिटेल ना?

काही वर्षांपुरता. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं, त्याला न जुमानणारा जंतू १९६१ मध्ये नोंदला गेला.

उन्हाळ्यात तापलेल्या आपल्या काळ्या मातीवर पहिला पाऊस पडतो तेव्हाचा वास आठवा. तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जंतूंमुळे असतो. स्ट्रेप्टोमायसिनही याच कुळाचं. म्हणजे आपली बरीचशी औषधं मुळात मातीतल्या जंतूंची रसायनं आहेत, आणि त्यांना तोंड देणारी जनुकंही मातीत तितकीच जुनी. गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या तीस हजार वर्षांपूर्वीच्या डीएनएमध्ये ती सापडली. आपण फक्त चाळण बारीक केली आणि ती जनुकं वर आली.

विषाणू काळाबरोबर सौम्य होत जातात ना? कोरोना तसाच झाला.

असा नियम नाही. निवड पसरण्याला बक्षीस देते, सौम्यपणाला नाही. डेल्टा आपल्याकडे २०२० च्या अखेरीस दिसला आणि आधीच्यापेक्षा जास्त घातक होता. ओमिक्रॉन त्याला मागे टाकू शकला, कारण लस घेतलेल्या आणि आजार होऊन गेलेल्या माणसांतही तो पसरत होता. तोवर बहुतेकांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार होती, हे तो सौम्य वाटण्यामागचं मोठं कारण.

दहावीच्या मुलीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. घरी करण्यासारखा प्रयोग सांगाल?

औषध घालून जंतू वाढवण्याचा प्रयोग घरी अजिबात नको. विरजणाचा करा. एकाच दह्याचे दोन भाग करा. एक भांडं रोज उबदार जागी, कापडात गुंडाळून लावा. दुसरं माठाजवळ, थंड कोपऱ्यात, लागेल तितका वेळ देऊन. दूध रोज एकाच पिशवीतलं आणि उकळून घेतलेलं असावं. चमचा प्रत्येकाचा वेगळा, गरम पाण्यातून काढलेला. दोन्ही वंश एकमेकांत मिसळू देऊ नका. तीन आठवड्यांनी दोन्ही विरजणं एकाच जागी, एकाच दुधात लावा आणि किती तासांत लागतं, आंबटपणा किती, पाणी सुटतं का, ते लिहा. ऊब आवडणारे आणि गारवा आवडणारे जंतू मूळ दह्यात दोन्ही होते, आता प्रत्येक भांड्यात कोण पुढे गेलं याचा अंदाज तिला बांधू द्या. पहिल्या दिवसाचं थोडं दही फ्रीजरमध्ये ठेवायला विसरू नका. शेवटी तेही बाहेर काढून त्याच दुधात, त्याच वेळी लावायचं आहे.